‘ओळखलंस का मला?’ हा प्रश्न थांबवा: मेंदूला इजा झालेल्या रुग्णाच्या कुटुंबासाठी पुनर्वसन वॉर्डातील मार्गदर्शक

घोडबंदर रस्त्यावर, ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा शीव-पनवेल महामार्गावर अपघात झालेला माणूस शस्त्रक्रिया, व्हेंटिलेटर आणि आयसीयूचे दिवस ओलांडून पुनर्वसन वॉर्डात येतो, तेव्हा घरच्यांना वाटते की कठीण काळ संपला. डॉक्टरांनी जिवाचा धोका टळल्याचे सांगितलेले असते, रुग्णाने डोळे उघडलेले असतात, कधी तो दोन-चार शब्दही बोलत असतो. मी व्यवसायोपचार करते, म्हणजे रोजची कामे रुग्णाला पुन्हा शिकवण्याचे, वॉर्डात सगळे ज्याला ‘ओटी’ म्हणतात ते काम, आणि जवळपास प्रत्येक कुटुंबाला मी पहिल्या भेटीत एकच गोष्ट करताना पाहते. खाटेजवळ जाऊन, वाकून, थोड्या मोठ्या आवाजात ते विचारतात, ‘ओळखलंस का मला? सांग बघू, मी कोण?’ हा प्रश्न प्रेमापोटीच येतो. तरीही तो थांबवा, ही माझी पहिली विनंती आहे आणि पुढच्या बहुतेक सूचना याच विनंतीतून निघालेल्या आहेत. इजा झालेला मेंदू या काळात परीक्षा देऊन शिकत नाही. त्याच्या हातात उत्तर आधी ठेवावे लागते.

बांधकामावरून पडलेला कामगार, न्हाणीघरात घसरलेले आजोबा, लोकलमधून पडलेला विद्यार्थी यांच्या बाबतीतही हे सगळे लागू आहे.

पहिले दोन दिवस: माहिती द्या, माहिती घ्या

सर्वप्रथम घरातील एक व्यक्ती संपर्कासाठी ठरवा. डॉक्टरांशी बोलणारा मुलगा वेगळा, सिस्टरांशी बोलणारी सून वेगळी आणि रात्री थांबणारा भाचा तिसराच, असे झाले की निम्मी माहिती वाटेत हरवते. जो जबाबदारी घेईल त्याने शंभर पानी वही घ्यावी आणि दिनांक टाकून प्रत्येक भेट, बदललेले औषध आणि पडलेला प्रश्न तिच्यात लिहावा. आयसीयूचा डिस्चार्ज सारांश, सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या फिल्म, औषधांची यादी, एमएलसी क्रमांक (रुग्णालयाने पोलिसांना कळवलेल्या प्रकरणाचा क्रमांक) आणि एफआयआरची प्रत एका फाइलमध्ये लावून मूळ कागद घरी ठेवावेत व वॉर्डात छायाप्रती आणाव्यात.

त्यानंतर रुग्णाची ओळख करून देणारे एक पान लिहून सिस्टरांकडे द्या. आम्हाला केसपेपरवरून वय आणि इजा कळते, पण माणूस कळत नाही. घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, तो उजवा आहे की डावखुरा, सकाळी किती वाजता उठतो, रात्रपाळी करत होता का, चहा किती लागतो, कोणते गाणे लावले की शांत होतो, हे सर्व त्यात असावे. तंबाखू किंवा दारूची सवय असेल तर संकोच न करता सांगा, कारण ती अचानक तुटल्यामुळे होणारी अस्वस्थता आणि मेंदूच्या इजेमुळे होणारी अस्वस्थता वरून सारखी दिसते, उपचार मात्र वेगळे असतात. घरची भाषाही लिहा. घणसोली, दिवाळे किंवा बेलापूरच्या घरात आगरी-कोळी बोली असेल, कोकणातून आलेल्या घरात मालवणी असेल, आणि प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला न मिळालेले उत्तर घरच्या बोलीत विचारल्यावर मिळू शकते. बोलणे आणि गिळणे यांवर उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला हे पहिल्याच दिवशी माहीत असले पाहिजे.

आणि चष्मा, कानाचे यंत्र, कवळी या वस्तू ताबडतोब आणा. अपघाताच्या दिवशी त्या एखाद्या पिशवीत जातात आणि कित्येक दिवस तिथेच राहतात. चष्म्याशिवाय ज्याला समोरचा चेहरा धूसर दिसतो, तो कोणालाही ओळखणार नाही, आणि त्याचा दोष मेंदूवर जातो.

घरचे लोक नेहमी ‘स्कोअर’ विचारतात. त्यांच्या मनात असते ती ग्लासगो कोमा स्केल, जी १९७४ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे तयार झाली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टी पाहून तिच्यात ३ ते १५ गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि १३ ते १५ म्हणजे सौम्य. अपघाताच्या वेळी ती फार उपयोगी असते. पण पुनर्वसन वॉर्डात १५ गुण मिळालेला रुग्णही कधी स्वतः शर्ट घालू शकत नाही आणि पाच मिनिटांपूर्वीचे विसरतो. म्हणून इथे विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे: त्याची नवी स्मृती तयार होऊ लागली आहे का?

जागा आहे, बोलतो आहे, पण लक्षात राहत नाही

शुद्धीवर आल्यानंतर बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत असा एक टप्पा येतो, ज्यात ते जागे असतात, बोलतात, कधी विनोदही करतात, पण घडणारे काहीच त्यांच्या मेंदूत टिकत नाही. इजेनंतरचा हा स्मृतिभ्रंश किती दिवस चालतो, यावरून पुढच्या वाटचालीचा बराच अंदाज येतो. तो २४ तासांपेक्षा जास्त राहिला तर इजा गंभीर मानतात आणि आठवड्यापेक्षा जास्त राहिला तर अतिगंभीर. या काळात रुग्ण ‘आत्ता कंपनीतून आलो’, ‘काल गावी पालखीला गेलो होतो’ असे खात्रीने सांगतो. तो खोटे बोलत नसतो. रिकामी जागा भरून काढण्याचा तो मेंदूचा प्रयत्न असतो.

अशा माणसाला ‘सांग बघू मी कोण’ असे विचारले की काय होते, ते समजून घ्या. तो अंदाजाने चुकीचे नाव घेतो. आई रडू लागते, मामा म्हणतात ‘अरे, नीट बघ’, आणि पुन्हा विचारतात. नवीन आठवण साठवता न येणाऱ्या मेंदूला आपली चूक लक्षात ठेवून सुधारता येत नाही. उलट तोंडून दोनतीनदा गेलेले चुकीचे उत्तरच पक्के होण्याचा धोका असतो. शिवाय आपल्याकडून काहीतरी चुकते आहे एवढी जाणीव त्याला होते, तिचे कारण मात्र कळत नाही, आणि त्यातून भीती व राग येतो. म्हणूनच आमच्या शाखेत या काळात चूक होऊच न देता शिकवण्याची पद्धत वापरतात.

ती घरच्यांनाही जमते. खाटेजवळ जाताना समोरून जा, त्याची नजर आपल्याकडे येईपर्यंत थांबा आणि सावकाश सांगा: ‘बाबा, मी सुनील, तुमचा मोठा मुलगा. आपण हॉस्पिटलात आहोत. तुमचा अपघात झाला होता, आता तुम्ही बरे होत आहात. आज मंगळवार आहे.’ एवढेच, आणि मग गप्प बसा. दर भेटीला हेच, याच क्रमाने. त्याने दहाव्यांदा ‘मी कुठे आहे?’ असे विचारले तर दहाव्यांदा त्याच स्वरात उत्तर द्या. ‘आत्ताच सांगितलं ना’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. खाटेसमोर पांढरा फळा लावून त्यावर वार, तारीख, ठिकाण आणि त्या दिवशी कोण येणार आहे हे मोठ्या अक्षरात लिहा आणि रोज सकाळी बदला. जुनी तारीख राहिलेला फळा नसलेला बरा. घरच्यांचे फोटो आणताना प्रत्येक फोटोखाली नाव आणि नाते लिहा.

तो म्हणतो त्या काल्पनिक गोष्टीवर वाद घालू नका आणि तिला दुजोराही देऊ नका. ‘कंपनीची आठवण येते ना? आज सुट्टी आहे, आपण हॉस्पिटलात आहोत’ एवढे म्हणून विषय दुसरीकडे वळवा. तपासणीचे प्रश्न विचारण्याचे काम वॉर्डातील तज्ज्ञांवर सोपवा. ते दिवसातून एकदा ठराविक चाचणी घेतात, आणि अशा काही चाचण्यांत सलग तीन दिवस सर्व उत्तरे बरोबर आली की हा टप्पा संपला असे धरतात. तुमच्या परीक्षेची तिथे गरज नसते.

भेटायला येणाऱ्यांबाबत मात्र तुम्हाला कठोर व्हावे लागेल. एका वेळी दोनच माणसे, पंधरा मिनिटे, मोबाइलवर व्हिडिओ लावणे नाही, खाटेभोवती आपापसांत गप्पा नाहीत. सोसायटीतील, कंपनीतील आणि गावाकडची माणसे आपुलकीने येतात, त्यांना नाही म्हणणे जड जाते. ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ असे आमचे नाव पुढे करून सांगा; आमची त्याला संमती आहे.

शिव्या, मारणे, नळ्या ओढणे

रुग्ण किती भानावर आला आहे हे पाहण्यासाठी रँचो लॉस अमिगोस नावाची एक मोजपट्टी पुनर्वसनात वापरतात. तिच्या मूळ रूपात आठ पातळ्या आहेत आणि चौथी पातळी गोंधळलेल्या, खवळलेल्या रुग्णाची आहे. नाकातील नळी ओढणे, खाटेवरून उतरण्याचा प्रयत्न, सख्ख्या आईला शिव्या, आयुष्यात कधी हात न उगारलेल्या माणसाने पत्नीला मारणे, हे सर्व या टप्प्यात घडते. आजूबाजूचे आवाज, उजेड आणि स्पर्श गाळून घेणारी मेंदूतील यंत्रणा अजून सावरलेली नसते. हा त्याचा खरा स्वभाव बाहेर पडलेला नाही, हे एकमेकांना सांगत राहा.

अशा वेळी पहिल्यांदा कारण शोधा. लघवी तुंबली आहे का, शौचास किती दिवस झालेली नाही, ताप आहे का, कॅथेटर (लघवीची नळी) ओढला जातो आहे का, कुठे दुखते आहे का, रात्री झोप झाली होती का, हे सिस्टरांसोबत पाहा. मग पडदा ओढून उजेड कमी करा, टीव्ही बंद करा आणि एकाच माणसाने, हळू आवाजात, लहान वाक्यांत बोलावे. चार जणांनी धरून ठेवले की तो अधिक झुंजतो. नळ्या वाचवण्यासाठी हातात मऊ मोजे घालता येतात. हात बांधण्याचा निर्णय तुमच्यापैकी कोणी स्वतःहून घेऊ नये. शांत झाल्यावर ‘असं का वागलास?’ असे विचारण्यात अर्थ नाही, त्याला ते आठवत नसते.

मात्र खवळणे आणि बिघडणे यांत फरक करायला शिका. काल जागा असलेला रुग्ण आज सारखा झोपतो, उलट्या होतात, डोकेदुखी वाढते, एक बाजू आणखी लुळी पडते, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येतो, किंवा चालू लागलेला रुग्ण पुन्हा अडखळतो आणि लघवीवरचा ताबा जातो, तर राउंडची वाट न पाहता सिस्टरांना लगेच सांगा. मेंदूत पाणी साचणे, जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे अशी त्याची कारणे असू शकतात, आणि त्यांवर उपचार आहेत.

शस्त्रक्रियेत कवटीचा तुकडा काढून ठेवला असेल, तर तो कुठे ठेवला आहे हे विचारून वहीत लिहा. आपल्याकडे तो बऱ्याचदा पोटाच्या त्वचेखाली ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. तोपर्यंत त्या बाजूवर झोपवू नये, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उठता-बसताना संरक्षक टोपी घालावी.

तोंडाने काय द्यावे आणि काय देऊ नये

सर्वांत जास्त नुकसान मी इथे होताना पाहिले आहे, तेही मायेने. सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळल्या की कोणीतरी चमचाभर तीर्थ, शहाळ्याचे पाणी किंवा चहा रुग्णाच्या तोंडात घालते. मेंदूच्या इजेत गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर तो घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो, आणि त्यातून न्यूमोनिया होऊन रुग्ण पुन्हा आयसीयूत जाऊ शकतो. खोकला आला नाही म्हणजे नीट गिळले, असे समजू नका. संवेदना कमी झाल्यावर अन्न फुप्फुसात गेले तरी खोकला येत नाही. आणि पाणी सोपे, जेवण अवघड, हा समजही उलटा आहे. पातळ पदार्थ घशातून फार वेगाने उतरतो आणि मंदावलेल्या गिळण्याला तो पकडता येत नाही.

म्हणून स्पीच थेरपिस्टने गिळण्याची तपासणी करेपर्यंत तोंडाने काहीही नाही. देवाचे तीर्थ द्यायचेच असेल तर कपाळाला लावा. तपासणीनंतर जो घट्टपणा सांगितला असेल तोच पाळा, मग तो दाट नाचणीच्या सत्त्वाचा असो किंवा एकजीव केलेल्या मऊ भाताचा. पातळ आमटीतली भाताची शिते, चहात बुडवलेली खारी किंवा दुधातले पोहे हे पदार्थ मऊ दिसतात, पण त्यांत घन आणि पातळ एकत्र असल्यामुळे ते अवघड असतात. चिवडा, शेंगदाणे आणि काट्यांचे मासे तर बराच काळ बाजूला ठेवा. आमच्याकडच्या कोळी कुटुंबांना हे शेवटचे फार जड जाते, हे मला माहीत आहे.

भरवताना रुग्ण पूर्ण जागा असावा. त्याला सरळ बसवा आणि टीव्ही बंद करा. अर्धा चमचा घास द्या, गिळल्याची खात्री करा, मगच दुसरा द्या. लुळ्या बाजूच्या गालात अन्न अडकून राहते, ते मधूनमधून पाहा. खोकला आला, किंवा आवाज घशात पाणी अडकल्यासारखा ओला, घोगरा झाला, तर तिथेच थांबा. जेवणानंतर अर्धा तास बसलेलाच ठेवा आणि तोंड स्वच्छ करा, कारण तोंडातले जंतू लाळेसोबत फुप्फुसात जातात. नळीने आहार चालू असेल तरी तोंडाची स्वच्छता तितकीच आवश्यक आहे. नळीने आहार देताना डोक्याकडील बाजू उंच ठेवा, आणि सिस्टरांनी शिकवून तुमच्याकडून करून घेतल्याशिवाय एकट्याने देऊ नका.

शरीराची काळजी

दर दोन तासांनी कूस बदलणे, माकडहाड, टाचा, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहणे, चादरीला सुरकुती न ठेवणे, हे हवेची गादी असली तरी चुकवू नका. लाल झालेली जागा दाबल्यावर पांढरी होत नसेल तर ती शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. त्या जागेवर मालीश करू नये.

लुळ्या हाताला धरून कधीही उचलू नका किंवा ओढू नका. काखेत हात घालून उभे करण्याची आपल्याकडे सवय आहे, तिच्यामुळे खांदा निखळल्यासारखा होतो आणि त्या वेदनेने पुढचे महिने व्यायाम अडतो. खाटेवरून खुर्चीत कसे न्यायचे, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून त्यांच्यासमोर निदान तीन वेळा स्वतः करा.

मदत कशी करावी आणि किती करावी

प्रकृती स्थिर झाली की आमचे मुख्य काम सुरू होते: दात घासणे, शर्ट घालणे, ताटातले स्वतः खाणे. इथे कुटुंबे दोन टोकांना जातात. काही जण सगळे स्वतःच करून टाकतात, तर काही जण समोर शर्ट ठेवून म्हणतात, ‘घाल बघू, येतं का तुला.’ दुसरी रीत ही पुन्हा परीक्षाच झाली. शर्टाची लुळ्या हाताची बाही आधी, हे वाक्य रोज त्याच शब्दांत बोला, त्याच्या हातावर आपला हात ठेवून ती कृती पूर्ण करा, आणि काही दिवसांनी आपला हात हळूहळू मागे घ्या. आधी पूर्ण आधार, मग स्पर्शाची खूण, मग फक्त शब्द, मग नुसते शेजारी उभे राहणे. वस्तू रोज त्याच जागी ठेवा आणि क्रम तोच ठेवा.

मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली असेल तर रुग्णाला कृती येत असते, पण ती सुरू करता येत नाही. तो तासन्‌तास बसून राहतो आणि नातेवाईक म्हणतात, ‘आळशी झालाय, मुद्दाम करतो.’ सुरुवातीचा धक्का देणारी यंत्रणाच दुखावलेली असते, म्हणून ब्रश हातात देऊन पहिली हालचाल तुम्ही करून द्या, पुढचे बहुतेक वेळा तो करतो. उजव्या मेंदूच्या इजेत काही जणांना डावी बाजू अस्तित्वातच नाही असे होते; ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो, दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटतो. त्याच्या कोणत्या बाजूला बसायचे, हे थेरपिस्टला विचारून ठरवा.

वाचा गेलेल्या रुग्णाबाबत एक गोष्ट अनेकांना चकित करते. पाण्याला ‘पाणी’ न म्हणू शकणारा माणूस संध्याकाळी ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ सुरू झाल्यावर आरती पूर्ण म्हणतो, एक ते दहा अंक किंवा वार सलग सांगतो. लहानपणापासून पाठ असलेले, सुरात बांधलेले बोल मेंदूत वेगळ्या वाटेने चालतात. त्याचा आनंद माना, रोज आरती म्हणा, पण ‘आरती येते मग बोलत का नाहीस’ असे म्हणू नका. बोलताना ‘काय हवं?’ असे मोकळे विचारण्याऐवजी पाण्याचा पेला आणि चहाचा कप समोर धरून ‘हे की हे?’ असे विचारा. निवड समोर ठेवलेली असते, म्हणून ही परीक्षा होत नाही.

आणि थकवा खरा आहे, एवढे लक्षात ठेवा. वीस मिनिटांच्या व्यायामानंतर आलेली झोप ही उपचाराचाच भाग आहे. चार वाजता थेरपी असेल तर तीनच्या भेटी रद्द करा.

बैठक आणि प्रश्न

बहुतेक वॉर्डांत मागितल्यास कुटुंबासोबत बैठक घेतात, ती मागा. ‘बरा कधी होणार?’ याचे प्रामाणिक उत्तर पहिल्या आठवड्यांत कोणाकडेच नसते, म्हणून असे विचारा: पुढच्या दोन आठवड्यांचे ध्येय काय, ते गाठले हे आम्ही कशावरून ओळखायचे, आम्ही रोज कोणता भाग करायचा, आणि घरी जाण्यापूर्वी त्याला काय यायला हवे. सुधारणा पहिल्या महिन्यांत वेगाने दिसते, नंतर मंदावते, पण वर्षांनंतरही चालू राहू शकते.

कागद आणि पैसा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो उशिरा केल्याने कुटुंबांचे मोठे नुकसान होते. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारची २०२५ ची रोखरहित उपचार योजना अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांची मर्यादा देते. ती वापरली होती का, हे पहिल्या रुग्णालयाकडून समजून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि तुमच्या रुग्णाचे कोणते उपचार त्यात बसतात हे योजनेतील रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र सांगतात. नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापले जात असेल, तर कामावर जाता-येताना झालेला अपघातही ठराविक अटींवर कामावरील इजा मानला जातो. तसे मानले गेल्यास मिळणारा भत्ता साध्या आजारपणाच्या भत्त्यापेक्षा जास्त असतो, म्हणून मालकाकडून अपघाताचा अहवाल वेळेत जाऊ द्या.

मोटार अपघात न्यायाधिकरणातील भरपाईच्या दाव्यासाठी कायद्यात २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत लागू आहे. रुग्ण बरा झाल्यावर बघू, असे म्हणत थांबू नका. दावा अपघात झाला त्या ठिकाणच्या किंवा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात सांभाळणाऱ्या माणसाचा पुढील आयुष्याचा खर्चही भरपाईत धरला. म्हणून अटेंडंटच्या पावत्या, थेरपीच्या नोंदी आणि तुमची ती शंभर पानी वही जपून ठेवा. गोंधळलेल्या अवस्थेतील रुग्णाची सही किंवा अंगठा कोणत्याही बँकेच्या किंवा मालमत्तेच्या कागदावर घेऊ नका, निकड कितीही असली तरी. रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी लागणाऱ्या पालकत्वाचा मार्ग न्यायालयातून जातो. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्या.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी पहिल्या आठवड्यांत धावपळ नको. त्याचे मूल्यमापन स्थिती स्थिर झाल्यावर होते. रुग्ण सरकारी सेवेत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आल्याच्या कारणावरून त्याला कामावरून काढता येत नाही, हे कार्यालयाला लेखी कळवा.

घरी नेण्याआधी

डिस्चार्जच्या दोन आठवडे आधी घर मोजा. खोलीचा दरवाजा, न्हाणीघराचा दरवाजा आणि लिफ्टचा दरवाजा यांची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून आणा आणि मगच व्हीलचेअर घ्या. महागडी खुर्ची न्हाणीघराच्या दारात अडलेली मी अनेकदा पाहिली आहे. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींमध्ये बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, आणि कळवा किंवा लोकमान्य नगरच्या चाळीत जिना अरुंद असतो. अशा वेळी काही महिने तळमजल्यावरच्या नातेवाईकांकडे राहणे हा कमीपणा नाही. भारतीय पद्धतीच्या शौचालयावर ठेवण्याची कमोड खुर्ची, भिंतीत पक्के बसवलेले दांडे, न सरकणारी पायपुसणी आणि रात्री जळणारा मंद दिवा एवढी तयारी आधी करा. उंच मजल्यावर राहत असाल तर गॅलरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी लावा, कारण आपल्याला काय येत नाही याची जाणीवच काही रुग्णांना नसते.

ब्युरोतून अटेंडंट घेणार असाल तर त्याला डिस्चार्जच्या आधी दोन दिवस वॉर्डात आणा आणि कूस बदलणे, भरवणे, खुर्चीत बसवणे आमच्यासमोर करवून घ्या. ‘काका, हे ओळखा, ते ओळखा’ असा खेळ तो दिवसभर खेळणार नाही, हेही त्याला सांगा.

घरी गेल्यावर झटका (फिट) येण्याची शक्यता इजेनंतर महिन्यांनीही असते. झटका आला तर घड्याळात वेळ पाहा, त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा आणि आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. झटक्याचे औषध बंद करण्याचा निर्णय फक्त डॉक्टरांचा. दारू पूर्ण बंद. दुचाकीची किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे राहू द्या. हातपाय चांगले चालतात म्हणून गाडी चालवता येते असे नाही, कारण लक्ष, प्रतिक्रियेचा वेग आणि डावी-उजवी बाजू पाहण्याची क्षमता तपासल्याशिवाय कळत नाही.

कामावर परतण्याची घाई सर्वांना असते आणि ती समजण्यासारखी आहे. आधी घरातले एक ठराविक काम, मग शेजारच्या दुकानातून यादी घेऊन सामान आणणे, मग सोबतीने ठाणे ते वाशी असा लोकलचा प्रवास कमी गर्दीच्या वेळी, आणि त्यानंतर अर्धा दिवस काम, अशी चढण ठेवा. प्रत्येक पायरीवर पहिल्यांदा बरोबर जा, खिशातल्या कागदावर पायऱ्या लिहून द्या, आणि चुकण्याआधी आठवण करा.

सांभाळणाऱ्याने आठवड्यातून निदान एक संध्याकाळ घराबाहेर घालवावी, आणि ती कोणी भरून काढायची हे घरात बसून ठरवावे. झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. पुढच्या तपासणीला येताना रुग्णाइतकाच वेळ सांभाळणाऱ्यासाठी मागून घ्या, आणि वही बरोबर आणा.